कोरडी जुडी

आमच्या शाळेच्या वसतिगृहात मावशींनी वीस वर्षं पालेभाजी निवडली. मुळं कापायची, पिवळी पानं काढायची आणि न धुता, सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायची, ही त्यांची रीत. नव्या व्यवस्थापकांनी फर्मान काढलं, भाजी धुऊनच फ्रिजमध्ये जाईल.

“ओल्या पाल्याचा तिसऱ्या दिवशी चिखल होतो, साहेब. धुवायची ती चिरण्याआधी.”

“पटत नसेल तर उद्यापासून येऊ नका.”

“इथं निवडायचं काम माझं,” मावशी म्हणाल्या, “आणि तुम्हाला काही मी निवडलेलं नाही!”

दुसऱ्या दिवशी त्या अर्धा तास आधीच येऊन कोरड्या जुड्या गुंडाळत बसल्या. साहेब दारात येऊन थबकले.

“रिकामे उभे आहात, तर ते फडकं द्या इकडे.”

साहेबांनी फडकं उचलून दिलं.