'हातमाग', आडवी रेघ आणि पुढचा शब्द

कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास आला की मला भंडाऱ्यातल्या वाचनालयाचा कार्डांचा खण आठवतो.

बाबांनी विणकरांच्या मजुरीवर छोटी पुस्तिका लिहिली होती. ग्रंथपालकाका तिचं विषयाचं कार्ड लिहीत होते. आधी 'हातमाग', मग आडवी रेघ. रेघेपुढे जो शब्द येईल, त्याखालीच वाचकाला पुस्तिका सापडणार होती.

"कलाकुसर लिवा," वाचनालयाचे अध्यक्ष शेटजी म्हणाले. आमच्या मागांना सूत तेच देत आणि मजुरीही तेच ठरवत.

"मजुरी लिवा," बाबा म्हणाले. "रेघेच्या पुढंच आमचं पोट आहे, शेटजी."

काकांचा पेन हवेत थांबला. मग त्यांनी 'कलाकुसर' लिहिलं आणि शेटजी हसत बाहेर पडले. मी कार्ड फाडायला धावले.

"काहून फाडून राहिली, पोरी? एका पुस्तकाले दोन कार्डं चालतात," म्हणत काकांनी दुसरं कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'हातमाग – मजुरी'.

"पण पहिलं खोटंच आहे!" मी ओरडले.

बाबांनी माझा हात धरला. "राहू दे. जो नक्षी पाहाले येईल, त्याच्याही हाती मजुरीचंच पुस्तक पडन."

तेव्हा मला ती माघार वाटली होती. आज मी मजुरीवर पत्रक लिहिते, तेव्हा सुरुवात साडीच्या काठावरच्या नक्षीपासून करते.