पुडीतला तिसरा पाला

सैन्यात मी सतरा वर्षं खेचरं सांभाळली. नायक म्हणून निवृत्त झालो. गाव माकणी. लोक विचारतात, गोळीबार बघितला का? बघितला की! पण जीव अडकलाय तो चंपा नावाच्या खेचरात.

आमची पोस्ट उंचावर, रस्ता नाही. रेशन, रॉकेल, दारूगोळा, सगळं खेचरांच्या पाठीवर. 0530 ला दाणापाणी, 0600 ला खरारा, 0700 ला लोडिंग. चंपा लई खोडकर. खरारा करताना माझी टोपी दातानं उचलायची. शिव्या मीच द्यायचो आणि गूळही मीच चारायचो.

माझे चुलते नाना गावात जनावरांना झाडपाल्याचं औषध द्यायचे. पाला शेतातून आणतानाच चुरगाळून आणायचे, कुणाला ओळखू येऊ नये म्हणून. नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो, अशी आमच्याकडं समजूत. शिकणाऱ्यानं विचारायचं नाही, नाना सांगतील तेव्हा ऐकायचं. दर रजेत ते मला पोटदुखीच्या पुड्या बांधून द्यायचे.

एकदा चंपाचं पोट दुखलं, तेव्हा मी गुपचूप पुडी पाजली. तासाभरात ती दाणा मागायला लागली. आमचे जनावरांचे डॉक्टर कॅप्टन साहेब विदर्भातले. त्यांनी मला पकडलं.

"काय दिलंस?"

"घरगुती आहे, साहेब."

म्हटलं, मेलो आता! पण साहेबांनी पुडीचा वास घेतला. म्हणाले, "आमच्या कॉलेजात या झाडपाल्यावर एक धडा होता. परीक्षेला येत नाही म्हणून सरांनी गाळला. या रजेत नावं विचारून ये. मी लिहून ठेवतो."

रजेवर आलो. पंधरा दिवस नानांशेजारी बसून चहा प्यालो. विचारलं नाही. दोन पुड्या घेऊन परत गेलो, त्या दुसऱ्या खेचरांना लागल्या. त्याच थंडीत नाना गेले. बर्फानं वाट बंद होती. मातीलाही पोचलो नाही.

त्यानंतर दहाच दिवसांनी, 0610 ला, चंपा तबेल्यात लोळत होती. मान वळवून पोटाकडं बघायची, पाय झाडायची. शिल्लक असलेलं एकमेव इंजेक्शन 0630 ला दिलं. फरक नाही. साहेब खाली बेसवर, दोन दिवसांच्या वाटेवर. रेडिओ लावला.

"ती तुझी पुडी दे. ओव्हर."

"संपली, साहेब. ओव्हर."

"त्यात काय असतं? लंगरमधून घेऊन वाट. ओव्हर."

"माहीत नाही, साहेब. ओव्हर."

मग आवाज आला, "रिपीट."

मी रिपीट केलं. तेवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही.

हिंग आणि ओव्याचा वास मी ओळखत होतो. तेवढं लंगरमधून, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातून, आणून पाजलं. तिसरा एक कडवट पाला असायचा, तो कुठला, देव जाणे. चंपाला फिरवत राहिलो. 1540 ला ती बसली ती उठली नाही. मेल्याचा पुरावा म्हणून नंबर असलेला खूर कापून वरच्या ऑफिसला पाठवायचा, असा नियम. तो मीच कापला. रडत रडत कापला. त्या पाल्यानं ती वाचलीच असती, असं साहेबही म्हणत नाहीत. पण द्यायला हातात तर असायला पाहिजे होता!

साहेब आता एका पशुवैद्यकीय कॉलेजात शिकवतात. यंदा त्यांनी मला वर्गावर बोलावलं. "सिलॅबसमध्ये नाही, पण तास माझा आहे," म्हणाले. मी हे सगळं सांगितलं. आमच्याकडच्या मुरुम गावची एक मुलगी उभी राहिली.

"आमचे आजोबा बी पाला चुरगाळूनच आणतेत, काका. इचारलं की रागवतेत. तुमचे नाना रागवायचे का?"

मग जे साहेबांनाही कधी सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. त्या रजेच्या शेवटच्या दिवशी नाना मला एसटीवर सोडायला आले होते. पिशवी माझ्या हातात देत म्हणाले, "म्या आता थकलो, बाबा. काय इचारायचं असंल तर इचार."

मला वाटलं, आत्ता विचारलं तर तुम्ही आता जाणार, असं तोंडावर म्हटल्यासारखं होईल.

"काय न्हाय, नाना," म्हणालो, पाया पडलो आणि एसटीत चढलो.