सोनालीच्या गाडीचं चौथं चाक

मित्रांनो, आज शाळेत माझा जीव चांगलाच टांगणीला लागला होता. घरी आल्याआल्या लिहितोय.

मी शहाद्याजवळच्या शाळेत स्काउट-गाइडचा शिक्षक. मुलांनी लाकडाच्या वीतभर गाड्या बनवल्या होत्या आणि आज उतरत्या फळीवर त्यांची शर्यत होती. पाहुणे होते साखर कारखान्यातले निवृत्त फोरमन, दगाआबा. कामात चूक दिसली की ओरडणारा माणूस!

सहावीतल्या सोनालीची गाडी बघून आबा थबकले. "पोरी, तुन्ही गाडीनं एक चाक टेकसच नही!"

"नही टेकू द्या आबा, पयस ती," सोनाली म्हणाली. पळते ना, मग झालं तर!

आबांनी पिशवीतून चक्क स्वतः बनवलेली गाडी काढली. चकचकीत पॉलिश, चारही चाकं अगदी सरळ. पाहुण्यांनाच शर्यतीत उतरायचं होतं, नाही कोण म्हणणार?

गाड्या सुटल्या. सोनालीची तीन चाकांवर भुर्रकन खाली पोचली, तेव्हा आबांची अर्ध्यावरच होती. मुलं ओरडली. आबांकडे बघायची माझी हिंमत होईना.

ही युक्ती तिला कशी कळली, हे विचारायला आबा गुडघे धरत सोनालीपुढे खाली बसले. "आते माले सांग, हाई कसं कयं?"

"चुकीसन व्हयी गयं, आबा!"

आबांनी तिची गाडी उचलून ते अधांतरी चाक बोटानं फिरवलं. "बरोबर शे! एक चाक कमी घासायनं, म्हनीसन जोरमा पयनी."

आबांचं भाषण राहिलंच. मुख्याध्यापक माइक घेऊन उभे, आणि आबा पक्कड मागवून आपल्या गाडीचं एक चाक वाकडं करण्यात गुंग!

तुमची एखादी चूक कधी कुणी इतक्या मनापासून शिकून घेतलीय का?