न विचारता घेतलेली नक्कल

यशोदाच्या मोबाइलचं मेमरी कार्ड यतीनने न विचारता आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, तेव्हा आपण लोककलेची सेवा करतोय असंच त्याला वाटत होतं. मालवण स्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, म्हणजे टेबल, पंखा आणि मोठेपणा. यशोदा बाजारात मासे विकायची आणि जत्रेतला दशावतार मोबाइलवर अख्खा टिपून ठेवायची. तसा स्वच्छ आवाज दुसऱ्या कुणाकडे नव्हता. चार्जिंगची पिन बदलायला तिने मोबाइल ठेवला आणि यतीनने कार्डावरचं सगळंच उचललं. आत काय आहे ते बघायचे कष्ट घेतले नाहीत. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा निघाल्या, तेव्हा दाजी तांडेलाच्या होडीवरच्या चार खलाशांनी दशावतार मागितला, त्यांची कार्डं त्याने त्याच फोल्डरमधून भरून दिली.

आठवड्याने दाजी आला. तीन कार्डं टेबलावर ठेवली.

"मेल्या, नाटक भरूक सांगितलंय. नाटकाच्या मागसून ह्या काय भरलंस?"

नाटकाच्या मागे यशोदाचे फोटो होते. नवरा दुबईला बोटीवर. गेल्या सुट्टीत त्याने दार लावून काढलेले, तिने जपून ठेवलेले.

"चौथा कार्ड?" यतीनने विचारलं.

"रामचंद्राकडे. तो फोंडाघाटाक घराक गेलो."

यतीन बाजारात गेला तेव्हा यशोदा बांगड्यांचे वाटे लावत होती.

"काय रे, पिन बदललंस ती परत गेली. तुजी पिन आणि सरकारचो रस्तो, दोन म्हयने टिकना नाय."

हसायची सोय नव्हती. बांगड्यांकडे बघत त्याने सगळं सांगितलं. अर्धं गिळलं, ते तिने पुन्हा वदवून घेतलं. मधेच एका गिऱ्हाइकाने भाव विचारला, तो तिने नेहमीच्या आवाजात सांगितला. मग टोपलीवर फडका टाकला.

"तुळसा, जरा लक्ष ठेय गो," शेजारणीला म्हणाली आणि निघाली.

दुकानात तिने पहिल्यांदा कॉम्प्युटर लावायला सांगितला. "आधी हयचे पूस. माज्या म्होरां." त्याने पुसले. "कचऱ्याच्या डब्यात गेले म्हणजे गेले नाय, ता माका ठाऊक आसा. थंयसूनय काढ." मग तिन्ही कार्डं. यतीनने मान खाली घालून सगळं केलं. पडद्याकडे बघावं तर तिचे फोटो, तिच्याकडे बघावं तर ती.

फोंडाघाटच्या एसटीत ती खिडकीशी बसली. यतीन आपणहून तीन बाकं मागे. वाटेत त्याने माफीची चार वाक्यं जुळवली, कणकवली येईपर्यंत दोन विसरला आणि उरलेली दोन पाठांतराची वाटायला लागली.

रामचंद्र अंगणात आईशी बोलत उभा होता. यशोदाने त्याला बाजूला घेतलं नाही.

"तुज्या मोबायलात माजे फोटो आसत. ते माज्या घोवान काढलेले, तुका बघूक नाय. कोणाक धाडलंस?"

"धाडूक नाय." तो अंगठ्याने माती उकरत होता. "एकाक दाखवलंय."

आई घरात निघून गेली. यशोदाने मोबाइल घेतला आणि एकेक फोटो स्वतः पुसला. ब्लूटूथवरून काय काय गेलंय ते यतीनला तपासायला लावलं. काही गेलं नव्हतं. ज्यांनी बघितले त्यांच्या डोळ्यांतून मात्र काही पुसता येणार नव्हतं, आणि हे तिघांनाही कळत होतं.

परतीच्या गाडीत ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

"आता घोवाक तू सांग."

"मी?"

"मी सांगलंय तर तो माका इचारतलो, कार्ड दुकानात कित्याक दिलंस म्हणून. तू सांगलंस तर तुका इचारतलो. तो मार्चात येतलो. त्याआधी तेका बाहेरसून कळता नये."

तिने नंबर सांगितला, त्याने लिहून घेतला.

गणपती झाले, दिवाळी झाली. यतीन आता मोबाइल हातात घेतला की आधी कार्ड काढून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. तशी पाटीही लावली आहे. पाटी लिहायला पाच मिनिटं लागली. दुबईचा नंबर त्याने तीनदा फिरवला आणि रिंग जायच्या आत तोडला.

यशोदा त्याला अजून मासे देते. वाटा नेहमीएवढाच.

"लावलंस फोन?"

"उद्या लावतंय."

ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळते.