डाव्या आरशासाठी

अण्णा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले आणि दिवसभर घरात करायचं काय हेच त्यांना कळेना. तेव्हा पुण्यातल्या माझ्या धाकट्या भावानं आपला जुना कॉम्प्युटर जिंतूरला आणून दिला आणि त्यावर बस चालवायचा ऑनलाइन गेम लावून दिला. सोबत स्टेअरिंग आणि पायातले क्लच-ब्रेकही आणले. संध्याकाळी तो तिकडून आणि अण्णा इकडून, बापलेक दोन बस घेऊन एकाच रस्त्याला लागायचे. कानाला हेडफोन लावून अण्णा त्याच्याशी जेवढं बोलत, तेवढं समोरासमोर कधी बोलले नव्हते.

एकदा एका वळणावर अण्णांची बस डावीकडच्या ट्रकला घासली. ट्रक चालवणारा कुणी अनोळखी खेळाडू होता. आधी गाडी शिकून या, असं त्यानं अण्णांना सुनावलं. अण्णांनी कॉम्प्युटर बंद केला आणि पुढं कितीतरी दिवस त्याच्याकडं फिरकले नाहीत. नोकरीत त्यांनी कधी कुणाच्या गाडीला धक्का लावला नव्हता. शेवटी मायनं विचारलंच, तेव्हा म्हणाले, "डावा आरसाच दिसत न्हाई. कशी चालवावी गाडी?"

ते खरंच होतं. त्या छोट्या स्क्रीनवर समोरचा रस्ता तेवढा मावायचा, आरसे बाहेर राहायचे. मी भावाला फोन केला. रुंद मॉनिटर घे, पण अण्णांना दुकानात समोर बसवून मगच घे, असं तो म्हणाला.

मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती त्या दिवशी आम्ही तिघं परभणीला गेलो. दुकानदारानं चित्र किती भरभर हलतं, रंग किती गडद दिसतात, हे सगळं समजावलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सगळ्यात मोठ्या मॉनिटरसमोर जाऊन बसले. दुकानदारानं गाड्यांचा गेम लावला. अण्णा खूश दिसत होते, पण मागं उभी असलेली माय म्हणाली, "मान बघा किती फिरवायलात. पट्टा लावायची पाळी येईल परत."

अण्णा मुकाट्यानं उठले. बाजूला त्याहून लहान, किंचित आत वळलेला एक मॉनिटर होता. खुर्ची जरा मागं सरकवून ते त्याच्यासमोर बसले, आधी डावीकडं, मग उजवीकडं पाहिलं. आणखी एखादा बघायचा का, असं मी विचारलं.

"नको बाई. ह्याच्यात नुसती नजर फिरवली की काम व्हायलंय."

येताना बसचा ड्रायव्हर ओळखीचा निघाला. एवढ्या मोठ्या खोक्यात काय आहे, असं त्यानं विचारलं, तर अण्णांनी जरा लाजून टीव्ही असल्याचं सांगितलं.

घरी मॉनिटर लावला, तर चित्र आडवं ताणलेलं आलं. बस म्हशीसारखी फुगलेली दिसायला लागली. अण्णांचा चेहरा उतरला. भावानं फोनवरून गेममधली एक सेटिंग सांगितली, मी ती बदलली, आणि दोन्हीकडचे आरसे नीट जागेवर आले. अण्णांनी लगेच हेडफोन चढवला. थोडं अंतर गेल्यावर ते भावाला म्हणाले, "मागं हाईस ना? दिसायलास मला."

आता कधीमधी मायही शेजारी खुर्ची घेऊन बसते. तिला घाटाचा रस्ता आवडतो. ती बसली की अण्णा भावाला तसं सांगतात, आणि दोघंही मग बस घाटाकडंच काढतात.