नारिंगी भुकटी

चिखलीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी रोज चाचा बसायचे. आमच्या प्रयोगशाळेतले ते सगळ्यांत जुने ऑपरेटर, पन्नाशी उलटलेले. मी अंबाजोगाईहून एम.एस्सी. करून नुकतीच आले होते आणि चिखलीत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होते. एकदा मोशीच्या पुढे ट्रकांच्या रांगेत बस अडकली आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. तेव्हा मला शीळ ऐकू आली. बारीक, एकसुरी, थांबून थांबून येणारी. कुणाचा मोबाइल वाजतोय म्हणून मी मागं वळून पाहिलं.

"माझं नाक आहे ते, बेटा," चाचा म्हणाले. "घरी म्हणतात, कुकर लागला."

मी हसले. पण त्यानंतर ती शीळ मला बसमध्ये, जेवताना, अगदी पंख्याच्या आवाजातही ऐकू यायला लागली.

आमची प्रयोगशाळा एका शेडच्या वरच्या मजल्यावर होती. सुगंधी द्रव्यांच्या आणि औषधांच्या कंपन्यांना लागणारी रसायनं आम्ही थोड्या प्रमाणात बनवून द्यायचो. त्यातलं ठरलेलं काम म्हणजे अल्कोहोलपासून अल्डिहाइड करणं. तीव्र ऑक्सिडीकारक वापरला तर काम अल्डिहाइडवर थांबत नाही, पुढं जाऊन आम्लच तयार होतं. पीसीसी बरोबर मध्ये थांबतं. पिरिडिनियम क्लोरोक्रोमेट, परीक्षेसाठी पाठ केलेलं नाव. कॉलेजात मी ते चिमूटभर पाहिलं होतं. इथं त्याचे डबे भरलेले असत. संत्र्याच्या सालीच्या रंगाची भुकटी, दिसायला सुंदर.

बाहेरून घेण्यापेक्षा स्वस्त पडतं म्हणून ते आम्हीच बनवायचो. वाळल्यावर त्याचे खडे व्हायचे आणि चाचा ते चिनीमातीच्या मोठ्या खलात कुटायचे. कुटायला बसण्याआधी ते खिशातून व्हॅसलिनची डबी काढायचे आणि करंगळीनं दोन्ही नाकपुड्यांत आतून लावायचे.

"तूही लाव," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात डबी पुढं केली. "प्लेटिंगवाले सगळे लावतात. क्रोम नाकाला खातं."

त्यांची आधीची सगळी नोकरी चिखलीतल्या एका क्रोम प्लेटिंगच्या वर्कशॉपमध्ये झाली होती. गाड्यांचे सुटे भाग ॲसिडच्या टाकीत बुडवायचे, चकचकीत करून काढायचे. तिथल्या वाफेपेक्षा हे काम स्वच्छ, एसीतलं, असं ते अभिमानानं सांगायचे. मी व्हॅसलिन लावलं नाही. माझा मास्क होता आणि फ्यूमहूड होता, म्हणजे धूळ आणि वाफ ओढून बाहेर टाकणारं काचेचं कपाट. माझा त्याच्यावर विश्वास होता.

एके दिवशी पुस्तकात वाचलं होतं तसं करून पाहावं म्हणून मी टिश्यू पेपरची पट्टी हूडच्या तोंडाशी चिकटवली. ती आत ओढली जायला हवी होती. ती सरळ खाली लोंबत राहिली. मी बटण बंद करून पुन्हा चालू केलं. आवाज व्हायचा, पट्टी हलायची नाही.

मॅनेजर साहेबांना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. "वरची मोटर गेलीय, मला माहितीय," ते म्हणाले. "सांगून ठेवलंय. तोपर्यंत खिडकी उघडी ठेवा."

त्यानंतर मला तो रंग सगळीकडं दिसायला लागला. चाचांच्या रुमालाच्या घडीत, स्विचच्या कडेला, माझ्या पांढऱ्या ओढणीवर धुवूनही न गेलेल्या ठिपक्यांत. एकदा शिंकले तर टिश्यूवर नारिंगी रेघ उमटली. ती मी कुणाला दाखवली नाही. आठवडाभरात नाकात खपली धरली. ती निघाली की रक्त यायचं आणि परत धरायची. एका रविवारी चेहरा धुताना बेसिन लाल झालं आणि रक्त थांबेना. मैत्रीण म्हणाली, "उन्हानं असेल." मला कशानं ते माहीत होतं, आणि तेवढ्यात मला चाचांच्या शिळेचाही अर्थ लागला. हवा एका नाकपुडीतून दुसरीत जात होती.

मी चाचांच्या घरी गेले. घर माझ्या खोलीपासून चालत जाण्याइतकं. त्यांना म्हटलं, मला एकटीला डॉक्टरकडं जायची भीती वाटते, सोबत चला. ते लगेच तयार झाले. चाचीही निघाली. ती मूळची चाकणकडच्या खेड्यातली, बोलायला रोखठोक. रिक्षात तिनं माझा हात धरून ठेवला होता.

पिंपरीतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी माझं नाक तपासलं. "काय काम करता?"

"क्रोमियम हाताळते."

त्यांनी मान हलवली. या भागात त्यांना हे नवीन नव्हतं. "पडदा लाल झालाय, एका जागी पातळ झालाय. अजून शाबूत आहे. पण हे काम बंद करा. पुढच्या महिन्यापासून नाही, उद्यापासून."

मग मी म्हणाले, "यांचंही बघा."

चाचा नको नको म्हणत खुर्चीत बसले. डॉक्टरांनी त्यांच्या डाव्या नाकपुडीत बॅटरीचा झोत टाकला आणि चाचीला जवळ बोलावलं. "ही उजवी बाजू बघा."

उजव्या नाकपुडीतून उजेड बाहेर येत होता.

चाची बराच वेळ वाकून पाहत राहिली. "भोक पडलंय?" तिनं विचारलं. "मग ह्यांना दुखत कसं न्हाई?"

"पडेपर्यंत दुखतं. पडलं की थांबतं," डॉक्टर म्हणाले. "नाकाची मला फार काळजी नाही. जे नाकातून गेलं, ते फुप्फुसातही गेलंय. छातीचा फोटो काढून आणा."



सोमवारी मी मॅनेजर साहेबांना डॉक्टरांचा कागद दाखवला आणि पीसीसीला हात लावणार नाही असं सांगितलं. ब्लीच आणि थोडं उत्प्रेरक वापरूनही हेच अल्डिहाइड होतं, मी करून दाखवते, असंही म्हणाले. ते म्हणाले, ग्राहकानं मंजूर केलेली पद्धत अशी मध्येच बदलता येत नाही, चालू बॅच तेवढी संपू दे. मी नाहीच म्हणाले. तेव्हा मागून चाचा आले आणि त्यांनी खल ओढून घेतला.

"पोरीला सोडा, साहेब. मी करतो. माझं काय, व्हायचं ते होऊन गेलंय."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवला आणि डबी काढली. मला तिथं उभं राहवलं नाही. संध्याकाळी मी सरळ चाचीकडं गेले आणि सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस थांब्यावर आली तेव्हा चाचांच्या जागी चाची चढली. ड्रायव्हर म्हणाला, "भाभी, ही कंपनीची गाडी आहे."

"म्हाईत हाय. आज ह्ये येणार न्हाईत, मी येणार हाय," म्हणून ती माझ्या शेजारी बसली. वॉचमननं तिला आत सोडलं नाही. ती गेटवर उभी राहिली, शिफ्टची माणसं तिच्या बाजूनं आत जात राहिली. शेवटी साहेब खाली आले.

"साहेब, तुमी बी वर त्याच मजल्यावर बसता ना? मग तुमच्या नाकात बी बॅटरी लावून बघा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "उजेड आरपार गेला का ते मला सांगा. मग मी ह्यांना धाडते."

साहेबांचा हात नकळत नाकाकडं गेला. ते वर गेले. त्याच दिवशी बॅच थांबली आणि त्या आठवड्यात नवी मोटर बसली. चाचांना स्टोअरमध्ये बसवलं. ब्लीचच्या पद्धतीला ग्राहकाचा होकार यायला वेळ लागला, पण आला. माझ्या नाकातली जखम हळूहळू भरून आली.

छातीच्या फोटोत मात्र उजव्या बाजूला डाग निघाला. मग स्कॅन. बारीक गाठ आहे, आत्ता काही करायचं नाही, ठरावीक काळानं बघत राहायचं, असं डॉक्टर म्हणाले. बघत राहायचं म्हणजे काय, हे चाचीनं दोनदा विचारलं. चाचांनी एकदाही विचारलं नाही.

आम्ही तिघं डॉक्टरांकडून परत येताना चाचांनी चिखलीत त्या जुन्या प्लेटिंगच्या वर्कशॉपपाशी रिक्षा थांबवली. आत टाक्यांवर पिवळसर वाफ होती आणि सहा-सात माणसं काम करत होती. त्यांनी चाचांना ओळखलं, बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. चाचांनी उभ्याउभ्याच सांगितलं, "भावांनो, नाक दाखवून या एकदा. छातीपण."

"राव, आपण धडधाकट आहोत," एक जण हसून म्हणाला. दुसऱ्यानं विषय बदलला. टाकीतून तयार माल वर आला आणि सगळे तिकडं वळले. चहा तसाच ठेवून आम्ही निघालो.

रिक्षा सुरू होणार तेवढ्यात आतला एक पिकल्या केसांचा माणूस हात पुसत बाहेर आला. त्यानं आधी मागं वळून कुणी बघत नाही ना, याची खात्री केली.

"चाचा," तो हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर संध्याकाळी बसतात का?"