कै मॅडमचा हात

ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं.

मी वैमानिक. चेन्नईत नव्या को-पायलटना शिकवायचे. विमान उतरताना ऑटोथ्रॉटल इंजिनांचा जोर आपोआप कमी-जास्त करतो, लिव्हर स्वतःच पुढे-मागे सरकतात. तरी हात त्यांवर ठेवायचा, नजर वेगावर. यंत्र थांबलं तर हाताला कळलं पाहिजे. हे मी इतकं घोकायचे की पोरं पाठीमागे मला ‘कै मॅडम’ म्हणत. कै म्हणजे तमिळमध्ये हात. मला माहीत होतं का? होतं. आवडायचंही.

सेतुराम माझा को-पायलट, तंजावरच्या मराठी घरातला. त्या दुपारी आम्ही उतरत होतो — खाली शोळिंगनल्लूरची नवी काचेची ऑफिसं, उन्हाने उसळणारी हवा, लिव्हर सारखे नाचत होते. वैतागून मीच ऑटोथ्रॉटल बंद केला. आणि मग — काय केलं असेल मी? सेतुरामला लिव्हरवरच्या हाताचं महत्त्व सांगायला लागले. हात लिव्हरवरच होता हं. पुस्तकात दाखवतात तसा. लिव्हर हलत नाहीत, एवढंच त्या हाताला कळलं नाही.

“स्पीड, मॅडम!”

वाक्य अर्धं टाकून मी जोर वाढवला. नशिबाने उंची बरीच होती. वेग सावरला, उतरलो.

विमान थांबल्यावर त्याने विचारलं, “मॅडम, ते ऑफ कधी झालं?”

“मी विसरले” — दोनच शब्द होते. कुठे अडले?

“बघत होते, तुझं लक्ष आहे का,” मी म्हणाले. “उशीर केलास.”

“सॉरी, मॅडम. थँक्यू, मॅडम.”

थँक्यू! आणि खोटं पक्कं दिसावं म्हणून तो उशीर मी त्याच्या अहवालातही लिहिला. त्याचं कॅप्टन होणं सहा महिने लांबलं.

आता तो स्वतः शिकवतो. गेल्या महिन्यात मला वर्गात बोलावून त्याने तो किस्सा पोरांना सांगितला, अगदी रंगवून — मॅडमनी मुद्दाम बंद केला, म्हणून माझे डोळे उघडले. टाळ्या. मग शाल. घेतली का मी? घेतली. चेन्नईत ही कुठल्या महिन्यात पांघरायची, एवढाच विचार तेव्हा मनात आला.

सेतुरामने उशीर केला नव्हता. वेग घसरू लागताच तो बोलला. त्याआधी बोलत होते ती मी.